क्लाउझर मिनो: वजन कुठं बांधायचं ह्या एका प्रश्नाची केस

सस्क्वेहाना नदी पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग इथं जवळपास मैलभर रुंद होते, आणि एवढी रुंद असून उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी कंबरभर पाण्यात उभं राहता येईल इतकी उथळ. तळाला खडकाच्या आडव्या पायऱ्या, मधे गवताचे पट्टे, एखाद्या पायरीच्या मागं अचानक डोह, परत उथळ. हॅरिसबर्गच्या थोडं खाली मिडलटाउन गाव आहे. त्याच्या शेजारीच थ्री माइल आयलंड, १९७९ च्या अणुभट्टीच्या अपघातामुळं सगळ्या जगाला माहीत झालेलं. ह्या मिडलटाउनमधे बॉब क्लाउझर नावाचा माणूस फ्लाय शॉप चालवायचा आणि गाइड म्हणून लोकांना बोटीतून नदीवर न्यायचा, स्मॉलमाउथ बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायला. क्लाउझर मिनो ही त्यानंच केलेली फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेला नकली मासा, आणि ही केस तिचीच. ज्याचं पोट गिऱ्हाइकाच्या गळाला मासा लागण्यावर आहे असा माणूस फ्लाय बांधायला बसला की शोभेचा विचार फार वेळ टिकत नाही, आणि ही केस समजून घ्यायला ते लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे.

फ्लाय फिशिंग ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळाला वजन असतं, शिसं असतं, ते वजन फेकलं की दोरी मागून जाते. फ्लाय फिशिंगमधे उलटं, फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, जाड जड लाइन हवेत मागंपुढं खेळवून फेकायची आणि तिच्या टोकाला पिसाकेसांचा चिमुकला किडा किंवा मासा ओढत जातो. म्हणजे फ्लाय जितकी हलकी तितकी फेकायला सोपी. आणि नेमकी इथंच अडचण सुरू होते, कारण हलकी फ्लाय बुडत नाही, आणि सस्क्वेहानातला बास जे खातो त्यातलं बरंच तळाशी असतं.

काय खातो तर क्रेफिश, म्हणजे नदीतले झिंग्यासारखे दिसणारे प्राणी, मग शायनर आणि बाकी मिनो, म्हणजे छोटे मासे, आणि डार्टर नावाचे बोटाएवढे मासे. डार्टर फार मजेशीर प्रकरण आहे, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हवेची पिशवी नसते म्हणून ते पाण्यात तरंगत राहू शकत नाहीत, दगडावर बसतात, झपकन पुढं जातात आणि थांबले की परत खाली बसतात. झपकन, खाली. झपकन, खाली. ही चाल डोक्यात ठेवा, पुढं सगळं तिच्यावरच येणार आहे.

ऐंशीच्या दशकात बासवाल्याच्या डब्यात काय असायचं? फ्लाय फिशिंगचे शिक्षक लेफ्टी क्रे ह्यांची लेफ्टीज डिसीव्हर होती, लांब पिसांची, समुद्रातल्या माशांसाठी केलेली, पाण्यात सुंदर चालते, १९९१ मधे अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं एवढी नावाजलेली. वूली बगर होती, पेनसिल्व्हेनियाच्याच रसेल ब्लेसिंगची, ती तर आजही कुठंही चालते. साधे बकटेल स्ट्रीमर होते, म्हणजे हरणाच्या शेपटीच्या लांब केसांचे मासे. ह्या सगळ्या उत्तम फ्लाय आहेत आणि मी त्यांच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, पण सगळ्यांना एक मर्यादा होती. ओढलं की पुढं येतात, थांबलं की जागच्या जागी थांबतात किंवा आडव्याच्या आडव्या सावकाश खाली जातात. घाबरलेला छोटा मासा असा हवेत टांगल्यासारखा थांबत नाही. तो पळतो नाहीतर तळाला दगडाआड घुसतो. बास मागं मागं येतो, फ्लाय थांबते, बास पण थांबतो, बघतो आणि वळून जातो. स्वच्छ पाण्यात हे वर बोटीतून डोळ्यांनी दिसतं, आणि ज्यानं ते एकदा बघितलंय त्याला ते सोडवल्याशिवाय चैन पडत नाही.

मग वजन वाढवा ना, असं कुणीही म्हणेल. वाढवायचे रस्ते तेव्हाही होते. सगळ्यात जुना म्हणजे गळाच्या दांड्याभोवती, ज्याला आम्ही शँक म्हणतो, त्याच्याभोवती शिशाची तार गुंडाळायची आणि वरून फ्लाय बांधायची. बुडते, पण वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असल्यामुळं आडवी बुडते, चाल काही बदलत नाही, आणि तार चढवली की शँक जाड होतो, मासा बारीक दिसायला हवा तो गुबगुबीत होतो. दुसरा रस्ता म्हणजे फ्लायच्या पुढं लीडरवर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक दोरीवर, शिशाचा छर्रा दाबून लावायचा. ह्यात फेकताना दोन वजनं वेगवेगळी उडतात, गुंता होतो, आणि छर्रा खडकाच्या फटीत अडकतो. तिसरा रस्ता म्हणजे बुडणारी लाइन. खोल तलावात झकास, पण कंबरभर पाण्याच्या खडकाळ नदीत बुडणारी लाइन स्वतःच तळाच्या दगडांत जाऊन बसते. आणि ह्या तिन्हीमधे गळाचं टोक खालीच राहतं, म्हणजे तळाजवळ फ्लाय नेली की दर दोनतीन फेकींत एक फ्लाय खडकाला दान.

उलटा चालणारा गळ तोपर्यंत कुणी बघितलाच नव्हता असं मात्र नाही. बहामाच्या बोनफिशसाठी क्रेझी चार्ली नावाची फ्लाय आधीपासून होती, तिच्यावर बाथरूमच्या प्लगला असते तसल्या मण्यांच्या साखळीचे दोन मणी डोळे म्हणून बांधतात आणि त्यांच्या वजनानं गळ उलटा होतो, टोक वर. पण ते मणी पोकळ आणि हलके, फूटदोन फूट वाळूच्या पाण्यात पुरतात, वाहत्या नदीत नाही.

तर ह्या टप्प्यावर आर्कान्सामधल्या माउंटन होम इथल्या वाप्सी फ्लाय कंपनीच्या टॉम श्मूकर ह्यांनी शिशाचे डंबेल डोळे तयार केले. व्यायामशाळेतलं डंबेल असतं त्याच आकाराचे, पण काही मिलिमीटरचे, मधे बारीक मान आणि दोन्हीकडं गोळे. त्यांनी ते क्लाउझरकडं पाठवले. फ्लाय टायिंगच्या इतिहासात साहित्य बनवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा मागं पडतं, म्हणून मुद्दाम लिहितोय, ह्या फ्लायचा अर्धा मान श्मूकरचा आहे. ती बारीक मान दोऱ्यानं आवळून बांधता येते, म्हणून वजन नेमकं एका बिंदूवर बसवता येतं. तार गुंडाळून किंवा छर्रा दाबून हे जमत नव्हतं.

१९८७ मधे क्लाउझरनं जी फ्लाय पक्की केली तिच्यात मोजक्याच गोष्टी आहेत. गळ, दोरा, डंबेल डोळे, दोन रंगांचा बकटेल, थोडी चकाकी. संपलं. अंग नाही, हॅकल म्हणजे गोल गुंडाळलेलं पीस नाही, शेपटी वेगळी नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की बांधणारा मधेच उठून गेलाय. पण तिच्यातला प्रत्येक निर्णय कशासाठी आहे ते बघितलं की माझ्यासारख्या माणसाला खरंच आनंद होतो.

पहिला निर्णय डोळे शँकच्या वर बांधायचे. व्हाइसमधे, म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात, गळ नेहमीसारखा धरलेला असतो, टोक खाली, आणि डोळे वरच्या बाजूला. पाण्यात पडली की जड बाजू खाली जाते, अख्खी फ्लाय उलटते आणि टोक वर येतं. मग केसांचा वरचा झुपका त्या टोकाच्या आजूबाजूला येतो, त्याला थोडं झाकतो, आणि फ्लाय तळावर आपटली तरी डोळे आपटतात, टोक नाही. खडकात अडकायचं प्रमाण एकदम कमी. शिवाय मासा लागतो तो वरच्या जबड्यात, तिथली पकड चांगली असते.

दुसरा निर्णय, आणि माझ्या मते अख्ख्या केसचा गाभा हाच, डोळे किती मागं. गळाच्या भोकाला अगदी चिकटून नाही, तर शँकच्या लांबीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे मागं. अगदी पुढं बांधले तर फ्लाय थांबल्याक्षणी नाकावर उभी कोसळते, जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ असतो त्याच्यासारखी, वर खाली वर खाली. जिग पण मासे पकडतं, पण मासा असा कोसळत नाही. मधे बांधले तर आडवी बुडते, तार गुंडाळल्यासारखीच. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बांधले तर ओढताना डोकं किंचित वर उचलून पुढं येते आणि थांबल्यावर डोकं खाली करून तिरकी, सरकत खाली जाते. झपकन, खाली. म्हणजे हात थांबला तरी फ्लाय थांबत नाही, आणि मागून आलेल्या बासला उभं राहून विचार करायला वेळच मिळत नाही. काही मिलिमीटरचा फरक आहे हा, पट्टीवर नगण्य, पाण्यात अख्खी चाल बदलते.

डोळे मागं सरकवल्यानं अजून एक गोष्ट साधते जी फारसं कुणी सांगत नाही. डोळ्यांच्या पुढं आणि मागं दोन्हीकडं दोरा घालायला जागा मिळते. खालचा पांढरा केस डोळ्यांच्या पुढं बांधायचा, मग डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागं घ्यायचा आणि डोळ्यांच्या मागं परत बांधायचा, त्यामुळं तो केस शँकला धरून सरळ राहतो, माशाच्या पोटासारखा, आणि मासा चावला तरी सुटत नाही. वरचा केस मात्र फक्त पुढं बांधलेला, मागं मोकळा. पोट घट्ट आणि पाठ हलती, ह्यामुळं ती पाण्यात जिवंत दिसते.

तिसरा निर्णय केस कमी. फार कमी. हे पटवून देणं सगळ्यात अवघड जातं कारण माणसाला वाटतं आपण पैसे देऊन शेपटी आणली आहे तर भरपूर लावूया. जास्त केस लावले की तीन गोष्टी बिघडतात. केसांमधे हवा आणि पाणी अडतं, फ्लाय सावकाश बुडते, म्हणजे डोळ्यांचं वजन वाया. केस एकमेकांना टेकून कडक होतात, हालत नाहीत. आणि खरे छोटे मासे बऱ्यापैकी पारदर्शक असतात, उजेडाकडं धरले तर आरपार दिसतं, जाड झुपक्यातून काही दिसत नाही. दाबून धरल्यावर झुपका काडेपेटीतल्या काडीएवढा, मोठ्या गळाला फारतर दीड काडी. ओल्या क्लाउझरमधून पलीकडचं दिसलं पाहिजे.

शेपटीतला कुठला केस घ्यायचा हेही महत्त्वाचं आहे. शेपटीच्या बुडाजवळचे केस जाड आणि आतून पोकळ असतात, त्यांच्यावर दोरा आवळला की ते फुलून उभे राहतात. त्यांचा उपयोग हरणाच्या केसांच्या तरंगत्या बग बनवायला. क्लाउझरला शेपटीच्या वरच्या दोन तृतीयांशातले घ्यायचे, दोरा आवळला तरी आडवे राहतात. कापून झाल्यावर बुडाशी धरून आखूड केस आणि मऊ लव ओढून काढून टाकायची, पण टोकं एकसारखी करायला स्टॅकरमधे घालायचे नाहीत, कारण टोकं वर खाली असली तरच मागं निमुळता होत जाणारा मासा दिसतो, एकसारखी केली की पेंटिंगचा ब्रश तयार होतो.

ही फ्लाय सगळीकडं पोचली ती लेफ्टी क्रे ह्यांच्यामुळं. मेरिलँडचे लेफ्टी (१९२५ ते २०१८) हे त्या वेळी अमेरिकेतले बहुतेक सगळ्यात ऐकले जाणारे फ्लाय फिशिंगचे शिक्षक होते. त्यांनी क्लाउझरची फ्लाय वापरली, क्लाउझर डीप मिनो हे नाव दिलं आणि १९८९ मधे फ्लाय फिशरमन मासिकात तिच्यावर लिहिलं. त्यानंतर ती सस्क्वेहानाची राहिली नाही. समुद्रातले स्ट्राइप्ड बास, रेडफिश, बोनफिश, ट्राउट, पाइक, काय काय लागलं तिला. लेफ्टी स्वतः सांगायचे की ऐंशीच्या वर जातींचे मासे त्यांनी हिच्यावर पकडले. एका नदीतल्या एका माशासाठी केलेली फ्लाय जगभर कशी चालली ह्याचं मला पटणारं उत्तर असं, की तिनं सस्क्वेहानाच्या कुठल्या एका माशाची नक्कल केलेली नाही, तिनं पळणाऱ्या माशाची चाल पकडली आहे, आणि ती चाल सगळीकडं सारखी असते. रंग बदला, आकार बदला, चाल तीच. पुढं लेफ्टी आणि क्लाउझर ह्यांनी मिळून हाफ अँड हाफ केली, मागं डिसीव्हरची लांब पिसं आणि पुढं क्लाउझरचे डोळे नि केस, मोठ्या माशांसाठी तीही फार चांगली.

विरोध पण झाला, तो सांगितला पाहिजे. जुन्या वळणाचे लोक म्हणायचे, आजही काही म्हणतात, की ही फ्लाय नाहीच, शिशाचं डोकं लावलेलं जिग आहे, हे फेकायचं असेल तर स्पिनिंग रॉड घ्या. ह्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं, पण अर्धंच. जिगचं वजन दोरीला बाहेर ओढून नेतं, क्लाउझरला अजूनही लाइनच नेते, फरक तिथं आहे. आणि ज्यांना पाण्यावर तरंगणारी पिसांची नाजूक ड्राय फ्लायच खरी वाटते त्यांनी ती जरूर बांधावी, मी पण बांधतो, पण दीड मीटर खाली दगडामागं बसलेल्या बाससमोर ड्राय फ्लायचा काय उपयोग.

फेकायला ती त्रासाची आहे हे मात्र शंभर टक्के खरं. १/२४ औंसचे डोळे म्हणजे साधारण १.२ ग्रॅम, १/३६ म्हणजे ०.८, १/५० म्हणजे जेमतेम ०.६. आकडे किरकोळ वाटतात पण ५ नंबरच्या रॉडला १.२ ग्रॅम हवेत सांभाळणं जमत नाही, ७ किंवा ८ नंबरचा रॉड पाहिजे (नंबर वाढला की रॉड ताकदीचा). लाइनचा लूप, म्हणजे फेकताना हवेत होणारा तिचा वळसा, मोठा उघडा ठेवायचा, मागं बाजूनं न्यायचं आणि पुढं वरून आणायचं, म्हणजे वाटेत झटका बसत नाही. घट्ट लूपचा हट्ट धरला तर डोळे रॉडच्या टोकावर आपटतात, ग्रॅफाइटला न दिसणारी चीर जाते आणि मग कधीतरी मासा लागलेला असताना रॉड तुटतो. आणि चष्मा. काहीही होवो, डोळ्यावर चष्मा आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय ही फ्लाय फेकू नका, शेजारच्यालाही फेकू देऊ नका.

आता शिशाबद्दल. ब्रिटनमधे १९८७ पासून, म्हणजे योगायोगानं ही फ्लाय पक्की झाली त्याच वर्षापासून, दोरीला लावायची ०.०६ ते २८.३५ ग्रॅमची शिशाची वजनं विकायला बंदी आली, कारण हंस ती गिळून मरत होते. अमेरिकेत न्यू हँपशरसारख्या राज्यांनी लून पक्ष्यांसाठी छोट्या शिशाच्या वजनांवर निर्बंध आणले. लून तळातले खडे पोटात दळणासाठी गिळतो, त्यात शिशाचा एक दाणा गेला तरी तो मरू शकतो. तुटलेली फ्लाय नदीतच राहते, त्यामुळं आज पितळेचे किंवा टंगस्टनचे डोळे घेणं हेच योग्य आहे आणि ह्यात मला दुसरी बाजू दिसत नाही. फक्त फ्लायचं गणित बदलतं ते लक्षात घ्या. शिशाची घनता ११.३, पितळेची साधारण ८.५, टंगस्टनची १९.३. म्हणजे त्याच आकाराचे पितळी डोळे शिशाच्या पाऊणपट वजनाचे, सावकाश बुडणार, आणि टंगस्टनचे जवळजवळ पावणेदोनपट. जुन्या पुस्तकी मापाची फ्लाय पितळेत करायची असेल तर डोळे एक साइझ मोठे घ्या. टंगस्टन महाग आहे, पण बारीक डोळ्यांत भरपूर वजन मिळतं, छोट्या फ्लायसाठी ते उत्तम.

बांधायची रीत सांगतो, सगळ्यात चालणारा पांढरा आणि पोपटी रंग धरून. पोपटी म्हणजे शार्टरूज, जो अंधुक गढूळ पाण्यात पण उठून दिसतो. गळ २ नंबरचा, समुद्रासाठी स्टेनलेस, मस्टॅड ३४००७ सारखा. आधी पक्कडीनं बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, दाबून टाका, नंतर दाबताना गळ तुटला तर सगळी मेहनत जाते. शँकच्या पुढच्या अर्ध्या भागावर दोरा गुंडाळा आणि जिथं डोळे बसणार तिथं दोऱ्याचा छोटा उंचवटा करा. डोळे वर आडवे ठेवा, तिरके आठ-दहा वेढे एका बाजूनं, तेवढेच दुसऱ्या बाजूनं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांच्या खाली पण शँकच्या वर, ह्या मधल्या जागेत आडवे गोल वेढे, दोरी बांधताना गाठीच्या मधून फिरवून आवळतो ना तसे. ह्या गोल वेढ्यांनी आधीचे सगळे वेढे ताणले जातात. एक थेंब सुपरग्लू. बोटानं डोळे फिरवून बघा, हलले तर काढा आणि परत बांधा, हललेल्या डोळ्यांची फ्लाय पाण्यात एका अंगावर कलंडून चालते आणि मासा तिच्याकडं बघत पण नाही.

मग पांढरा केस, लांबी शँकच्या दोन ते अडीचपट, डोळ्यांच्या पुढं बांधा, खाचेतून मागं घ्या, मागं मोकळे वेढे देत बांधा. इथं जोरात आवळू नका, नाहीतर केस फुलतात. आता गळ व्हाइसमधे उलटा करा, टोक वर. चमकीचे, क्रिस्टल फ्लॅशचे आठ-दहा धागे पुढं बांधा, केसापेक्षा बोटाच्या नखाएवढे लांब. त्याच्यावर पोपटी केस, फक्त पुढंच, टोकाच्या दोन्ही बाजूंनी पसरेल असा. निमुळतं डोकं करा, गाठ, वार्निश किंवा यूव्ही रेझिन. झालं. सवय झाली की थोड्या मिनिटांचं काम आहे, आणि गाइड लोकांना म्हणूनच आवडते, खडकाला गेली तरी जीव तुटत नाही.

चाल हातात असते. टाका, बुडू द्या, एक छोटा झटका लाइनला, थांबा, दोन लांब, थांबा. बहुतेक वेळा मासा थांब्यात घेतो, डोकं खाली जात असताना, आणि तो धक्का जाणवेलच असं नाही, लाइन नुसती जड होते किंवा बाजूला सरकते. थांब्यात लाइन ढिली सोडली तर मासा घेऊन थुंकून पण जातो, म्हणून रॉडचं टोक पाण्याला टेकवूनच ठेवायचं.

सस्क्वेहानाचं पुढं काय झालं हेही सांगायला हवं. २००५ च्या उन्हाळ्यापासून त्या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं रोगानं मोठ्या प्रमाणात मरायला लागली, शेतीतून आणि शहरांतून येणारी रसायनं, विषाणू, परजीवी, उन्हाळ्यातलं गरम पाणी, अशी अनेक कारणं एकात एक गुंतलेली निघाली. फ्लाय जगभर गेली आणि तिची नदी आजारी पडली, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडं ह्या फ्लायचा खरा संबंध येतो महाशीर माशाशी. हिमालयातला सोनेरी महाशीर, रामगंगेत किंवा पंचेश्वरला जिथं सरयू महाकालीला मिळते तिथं, क्लाउझर चांगली घेतो, कारण तिथलं पाणी म्हणजे खडक, जोरदार धार आणि धारेच्या कडेचे डोह, सस्क्वेहानाचाच थंड आणि तापट भाऊ म्हणा. आपला दख्खनचा महाशीर, टॉर खुड्री, कर्नल साइक्सनं १८३९ मधे पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्रीय वर्णन केलेला, आज मुळा-मुठेची अवस्था बघता तिथं त्याचा विचार पण करवत नाही, पण लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात त्याचं बीज कित्येक दशकं तयार होतंय आणि बाहेरच्या राज्यांनाही गेलंय. कुठंही धरला तरी परवानगी काढून आणि पाण्यातल्या पाण्यात सोडून देऊन, ह्यात तडजोड नाही.

साहित्याचा प्रश्न मात्र आपल्याकडं वेगळा आहे. मूळ फ्लाय अमेरिकन पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या केसांची. आपल्याकडं चितळ, सांबर, कुठल्याही रानातल्या हरणाचे केस, कातडं, शेपटी ह्याचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, तेव्हा कुणी ओळखीतून आणून देतो म्हणाला तरी हात लावू नका. गरज पण नाही. बकरीच्या अंगावरचे लांब केस क्लाउझरला फार छान जातात, बकटेलपेक्षा मऊ आणि आतून भरीव, त्यामुळं जास्त हालतात आणि लवकर बुडतात. फक्त ते सरळ असावेत, कुरळे नकोत, आणि मऊपणामुळं गळाच्या वाकाला गुंडाळतात म्हणून लांबी शँकच्या दुपटीच्या वर नेऊ नका. कृत्रिम फर पण चालतं, खेळणी आणि कापडाच्या दुकानात लांब लवेचं मिळतं, ते घेताना ओलं करून बघा, ओलं झाल्यावर चिकटून दोरी होत असेल तर सोडून द्या.

महाशीरच्या जबड्यापुढं आणि पहिल्या धावेपुढं बासचा गळ सरळ होतो, म्हणून गळ जाड तारेचा, १/० किंवा २/०, म्हणजे २ नंबरपेक्षा मोठा. जाड गळाचा वाक पण जड असतो आणि तो फ्लाय परत सुलटी करायला बघतो, टोक खाली. त्यामुळं डोळे पण वाढवावे लागतात, पितळी १/२४ च्या खाली नको, आणि नदीवर नेण्याआधी घरीच बादलीत सोडून बघायची, टोक वर करून उतरली तरच डब्यात.